दोन कुलुपांचं घर

बंद घर दिसलं की कुलूपरावांची चाल बदलायची. एरवी पिशवी हलवत रमतगमत चालणारा हा बावन्न वर्षांचा गृहस्थ एकदम पाय न वाजवता चालू लागायचा. जणू घर झोपलंय आणि त्याला दचकवायचं नाही. फाटकाशी थांबून आधी पत्रपेटी. ती ओसंडून वाहत असेल तर मालक लांब गेलाय, रिकामी असेल तर कुणीतरी अधूनमधून येऊन पत्रं नेतंय. मग विजेचं मीटर. मग पायरीवरचं गवत. आणि सगळ्यात शेवटी, ताटातला आवडीचा घास मागे ठेवावा तसं, कुलूप. कुलपाशी ते वाकायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि किल्लीच्या भोकात असं टक लावून बघायचे की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, आतून कुणीतरी यांच्याशी बोलतंय.

कुलूप खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. भोकात कोळ्याचं जाळं असेल तर वर्षभर कुणी फिरकलेलं नाही. भोकाच्या कडेला काळसर ओलसर वर्तुळ असेल तर कुणीतरी येऊन तेल घालून जातंय, म्हणजे घरात जीव अडकलेला माणूस अजून कुठेतरी आहे. असा माणूस सापडला तर बोलणं सोपं, पण घर मिळणं अवघड. आणि एकाच दाराला दोन कुलुपं दिसली, तर कुलूपराव वहीत फक्त एकच शब्द लिहायचे: ‘भावंडं’.

पूर्वी ते कुरियर कंपनीत होते. परत आलेली पाकिटं वाटता वाटता त्यांना गावातली सगळी बंद दारं पाठ झाली. एवढी घरं नुसती उभी आहेत आणि लोक जागेसाठी वणवण करतायत, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. नोकरी सोडून त्यांनी एक पडकं घर घेतलं, नीट केलं, विकलं. मग दुसरं. पाहुण्यांनी विचारलं तर ते छाती काढून सांगायचे, “घरांमध्ये गुंतवणूक करतो.” त्यावर आतून बायकोचा आवाज यायचा, “गुंतवणूक कमी आणि पायपीट जास्त.”

बायकोचं काही चुकत नव्हतं. घर नीट करायला तीन महिने लागायचे, पण मालक शोधायला कधीकधी तीन वर्षं. कराच्या दप्तरात नाव असायचं, पण ते आजोबांचं. आजोबा जाऊन जमाना झालेला. नातवंडं कुठे पांगली याचा पत्ता कुणालाच नाही. शेजाऱ्यांना सरळ विचारावं तर ते हात वर करणार. म्हणून कुलूपराव सरळ विचारायचेच नाहीत. शेजारच्या फाटकाशी उभे राहून ते नुसते म्हणायचे, “या बंद घरातले उंदीर तुमच्याकडे येत असतील नाही हो?”

की संपलं! ज्या बाईंना घरमालकाचं नावही आठवत नव्हतं, त्या बाई त्याच्या तीन पिढ्या उभ्या-आडव्या सांगायच्या. धाकटा कसा शिकला नाही, थोरलीचं कसं लांब लग्न झालं, मधल्याचा चष्मा कसा बाटलीच्या बुडाएवढा जाड होता. एक मालक तर कुलूपरावांनी निव्वळ त्या चष्म्यावरून शोधला. गावातली चष्म्याची दुकानं पालथी घातली आणि सहाव्या दुकानात म्हातारा दुकानदार म्हणाला, “एवढा जाड नंबर? असा एकच माणूस. मागच्याच महिन्यात दांडी बदलून गेला.”

मालक सापडला म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं त्याहून अवघड, कारण घरं बहुतेक वेळा मालक हरवल्यामुळे बंद नसतात, दोन मालकांची तोंडं दोन दिशांना असल्यामुळे बंद असतात. अशा वेळी कुलूपरावांची एक युक्ती होती. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती, अनुभवातून आली होती. भांडलेल्या भावंडांना ते एका टेबलाशी बसवायचे, चहा मागवायचे आणि कागद पिशवीतच ठेवायचे. मग सहज विचारल्यासारखं म्हणायचे, “लहानपणी घरातलं सगळ्यात मोठं नुकसान कुणी केलं होतं हो?” दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. फुटलेली बरणी, बुडवलेलं घड्याळ, शेजाऱ्याच्या टाकीत सोडलेला बेडूक. आताच्या भांडणाला हात लागला तर पोळतो, पण सात वर्षांच्या वयातलं भांडण कधीच थंड झालेलं असतं. ते दोघं मिळून उकरायला लागले की कुलूपराव हळूच पिशवीत हात घालायचे.

तीन भाऊ, दोन जावा आणि एक आत्या असला भरलेला संसारसुद्धा त्यांनी एका टेबलाशी आणला होता. गावात लोक म्हणायचे, कुलूपराव दगडालाही सही करायला लावतील.

आणि या माणसाचं स्वतःचं घर, म्हणजे वडिलांचं घर, गावाच्या दुसऱ्या टोकाला नऊ वर्षं बंद होतं. त्याच्या हिरव्या दाराला दोन कुलुपं होती.

त्याची हकीगत अशी. शेवटच्या आजारपणात बाबा त्या घरात एकटेच होते. लेकाकडे यायला तयार नव्हते, परगावी लेकीकडे जायला तर मुळीच नाही. कुलूपराव रोज दुपारी जाऊन बसायचे. एका दुपारी त्यांना निरोप आला की सात महिने शोधत असलेला एक मालक गावात आलाय आणि तासाभरात परत निघणार आहे. “बाबा, आलोच तासाभरात,” म्हणून ते गेले. यायला तीन तास लागले. तोवर बाबा गेले होते. शेजारच्या काकू उशाशी बसल्या होत्या. काकू म्हणाल्या, तुला दोनदा हाक मारली त्यांनी.

संध्याकाळी ताई आली. कुलूपरावांहून सहा वर्षांनी मोठी, आईमागे तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाली, “सगळ्या जगाच्या घरांचे मालक शोधत फिरलास. या घराचा मालक तुला हाका मारत होता.”

ते वाक्य कुलूपरावांच्या जिव्हारी लागलं. खरं होतं म्हणून जास्तच. माणसं पांगल्यावर ताईनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. ते पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. घर काय तिच्या एकटीचं आहे? ताईची गाडी सुटल्यावर ते गेले आणि तिच्या कुलपाखाली दुसरी कडी ठोकून स्वतःचं कुलूप लावून आले. आता तिच्यावाचून यांना आत जाता येईना आणि यांच्यावाचून तिला. त्यानंतर नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना एक फोन केला नाही. कुलूपराव त्या रस्त्यानं जायचंही टाळायचे. कामासाठी सगळं गाव तुडवायचे, तेवढा एक रस्ता सोडून.

बायको सुरुवातीला बोलून पाहायची. “अहो, परक्यांना चहा पाजून एकत्र आणता. ताईंना एक फोन करा ना.”

“तो धंदा आहे,” कुलूपराव म्हणायचे, “आणि हे घर आहे.” तेवढ्यावर विषय बंद. पुढे बायकोनंही बोलणं सोडून दिलं. निदान कुलूपरावांना तसं वाटलं.

आता त्यांच्या कारभारातल्या आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. मीटरकाका. जन्मभर विजेची मीटरं वाचून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी त्यांना रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं होतं, आणि कामाशिवाय चालणं हा त्यांना शुद्ध वेडेपणा वाटायचा. म्हणून ते कुलूपरावांसाठी चालायचे. दर महिन्याला एक भाग धरायचे आणि बंद घरांची यादी करून आणायचे. गल्ली, घर क्रमांक आणि पुढे शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. ‘पत्रपेटीत चिमणीचं घरटं.’ ‘मीटर बंद, पण कुत्रं सांभाळून.’

ही यादी जायची बायकोकडे. ती सकाळी वाचनालयात काम करायची आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर कुलूपरावांची पत्रं लिहायची. कराच्या दप्तरातून मालकाचं नाव आणि पत्ता काढायचा आणि हातानं पत्र लिहायचं. छापील पत्र लोक न उघडता फेकतात, पण वळणदार अक्षरातला पत्ता दिसला की माणूस पाकीट फोडतोच, हा कुलूपरावांचा सिद्धांत होता. मजकूर वर्षानुवर्षं एकच:

‘नमस्कार. आपण मला ओळखत नाही. मी बंद घरांच्या मालकांचा शोध घेत असतो. सोबत लिहिलेल्या घराचे मालक आपण असाल, तर कृपया एकदा माझ्याशी बोला. आपल्याला त्रास देण्याचा हेतू नाही. घर फार दिवस बंद आहे, आणि ते असं बघवत नाही. आपण सापडलात तर मला मनापासून आनंद होईल.’

पत्रांचा गठ्ठा तयार झाला की कुलूपराव जेवण झाल्यावर बसायचे आणि क्रिकेटचा सामना बघत एकामागून एक सह्या ठोकायचे. पत्र वाचायचं काय त्यात? स्वतःच तर रचलं होतं. मान टीव्हीकडे, हात कागदावर. बायको एकेक कागद पुढे सरकवायची. त्या दिवशी सामना ऐन रंगात आला होता आणि गठ्ठ्यात एकतीस पत्रं होती. शेवटून तिसऱ्या पत्रावर सही करताना बायकोनं क्षणभर कागद धरून ठेवला, तेव्हा कुलूपराव वैतागून म्हणाले, “सोड ना, शेवटची ओव्हर आहे.” तिनं कागद सोडला.

पंधरा दिवसांनी कुलूपराव हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या निवडत होते. फोन वाजला. नंबर अनोळखी.

“नमस्कार,” पलीकडून आवाज आला. “आपण मला ओळखत नाही.”

कुलूपरावांच्या हातातली बिजागरी काउंटरवर पडली. तो आवाज त्यांनी गाढ झोपेतसुद्धा ओळखला असता. त्याच आवाजानं त्यांना पाढे शिकवले होते.

“मी एका बंद घराची मालकीण बोलतेय. हिरवं दार आहे. आपण शोधत होतात म्हणे.”

दुकानदार विचारत होता, चार इंची देऊ की सहा? कुलूपरावांनी त्याला हातानंच थांबवलं. शेवटी ते म्हणाले, “हो. शोधत होतो.”

“मग सापडले मी,” ताई म्हणाली. तिचा आवाज जरासा हलला आणि पुन्हा सरळ झाला. “हे बघ, पुढच्या महिन्यात मी मुलीकडे जातेय. परदेशात, कायमचीच. या वयात परत येणं व्हायचं नाही. रविवारी सकाळी दहाला येते. तुझी किल्ली घेऊन ये.”

घरी येईपर्यंत कुलूपरावांना रस्ता कसा सरला ते कळलं नाही. बायको टेबलापाशी बसून पाकिटांवर पत्ते घालत होती.

“ताईला पत्र कुणी पाठवलं?”

“तुम्ही,” ती मान वर न करता म्हणाली. “सही तुमचीच आहे.”

“अगं, पण ‘आपण मला ओळखत नाही’? सख्ख्या बहिणीला?”

“नऊ वर्षांत बदललाच असाल की. मीटरकाकांच्या यादीत घर आलं, मी पत्र लिहिलं. काकांना काय माहीत कुणाचं घर आहे ते. आणि त्यांचा शेरा वाचला असतात तर तुम्हीच लिहिलं असतंत.”

शेरा बघायचं कुलूपरावांना सुचलं नाही. ताईला वाटलं असणार, भावानं आपणहून हात पुढे केला. गमतीत का होईना, पण मन मोठं करून. आणि भाऊ तर तेव्हा शेवटची ओव्हर बघत होता. आता तिला खरं सांगावं तर ती परत फिरेल. न सांगावं तर एवढं मोठं खोटं घेऊन बाबांच्या दारात उभं राहायचं. शनिवारपर्यंत त्यांना ना नीट जेवण गेलं, ना झोप लागली.

त्यात किल्लीची भानगड. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्याकडे दीडएकशे किल्ल्या होत्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली होती. कुणाची गल्ली, कुणाचं फाटक, कुणाचा मागचा दरवाजा. तासभर उलथापालथ केल्यावर तळाशी एकच बिनचिठ्ठीची किल्ली निघाली. ती त्यांची. जगाच्या किल्ल्यांना नावं घातली होती, आपलीच तेवढी राहिली होती.

रविवारी त्यांनी पिशवीत तेलाची बुधली घेतली, तारेचा ब्रश घेतला आणि मनाविरुद्ध लोखंड कापायची करवतही घेतली. नऊ वर्षांचं कुलूप. नऊ पावसाळे त्यानं खाल्ले. स्वतः कधी जाऊन बघितलं नाही, म्हणजे आत गंजाचा नुसता लगदा झाला असणार. ते उघडणार नाही याची त्यांना खात्रीच होती, आणि ताईच्या डोळ्यांसमोर आपलंच कुलूप करवतीनं कापायचं या कल्पनेनं त्यांना घाम फुटला.

ताई आधीच येऊन पायरीवर बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेले, मांडीवर तीच मोठी पर्स. कुलूपराव फाटकात थांबले. सवयीनं नजर पत्रपेटीकडे गेली. रिकामी होती.

“वाळलास,” ताई म्हणाली.

“तू पण.”

“मी कसली वाळतेय. बस.”

ते दोन पायऱ्या सोडून बसले. तीन भाऊ आणि दोन जावांना बोलतं करणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी न राहवून ते एका दमात बोलून मोकळे झाले, “ताई, ते पत्र मी लिहिलं नाही. वाचलंसुद्धा नाही. गठ्ठ्यात होतं, मी नुसती सही केली. मॅच बघत.”

ताईनं पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “अक्षर तुझ्या बायकोचं आहे. आणि ‘कृपया’ हा शब्द तू उभ्या जन्मात मला लिहिणार नाहीस.”

“मग आलीस कशी?”

“सही तुझी होती ना. आपल्यात जेवढं सापडलं तेवढं धरायचं.” मग ती म्हणाली, “त्या दिवशी मी बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच.”

“खरं तेच बोललीस.”

“खरं असलं म्हणून काय झालं? तू पण लेकच होतास त्यांचा. तुलाही रडायचं होतं.”

समोरच्या घरातल्या खिडकीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग इतक्या वर्षांच्या धंद्याची सवय कामी आली की नुसतं सुचलं, कोण जाणे, पण ते म्हणाले, “स्वयंपाकघराची काच तू फोडली होतीस.”

“मी?” ताई ताडकन वळली. “चेंडू कुणाचा होता?”

“चेंडू माझा होता. मारलास तू.”

“आणि मार कुणी खाल्ला? मी! तू टेबलाखाली बसून बिस्किटं खात होतास, ढोंगी!” ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “चल, उघड.”

ताईनं वरच्या कुलपाला किल्ली लावली. ते लगेच उघडलं. कुलूपरावांनी पिशवीतून ब्रश काढला, तेलाची बुधली पायरीवर ठेवली, करवत मात्र आतच राहू दिली. “माझं वेळ घेईल हं,” ते ओशाळून म्हणाले. “गंजलं असणार. आधी तेल सोडून बघतो, मग...”

बोलता बोलता त्यांनी नुसती अंदाज घ्यायला किल्ली आत सारली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. फिरवली, तर कट्‌ असा बारीक आवाज होऊन कुलूप हातात आलं.

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हजारो कुलुपं बघितली तसं स्वतःचं कुलूप पहिल्यांदा नीट बघितलं. भोकाभोवती काळसर ओलसर वर्तुळ होतं. एकावर एक बसलेलं, वर्षावर्षाचं. मीटरकाकांनी शेऱ्यात काय लिहिलं असेल ते त्यांना आता कळलं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ती दाराच्या कडीशी उगाच काहीतरी करत होती.

“ताई, तू येत होतीस?”

“वर्षातून एकदा. बाबा गेले त्या तारखेला.”

“पण आत तर जाता येत नव्हतं.”

“नव्हतंच. तुझं कुलूप होतं ना.” ती वळली नाही. “माझ्या कुलपाला तेल घालायचे. बाटलीत थोडं उरायचं. म्हटलं, खालच्यालाही घालावं. तू कधी आलास आणि तुझंच तुला उघडलं नाही, तर चिडून परत गेला असतास.”

कुलूपरावांना रडू आवरलं नाही. बाबा गेले त्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं आत्ता आलं, भर सकाळी, उघड्या पायरीवर, हातात कुलूप धरून. ताईनं त्यांना रडू दिलं. मग पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात कोंबला, खांद्यानं दाराला रेटा दिला आणि म्हणाली, “खिडक्या आधी उघड. बाबांना कोंदट चालायचं नाही.”